चुलीची जागा

घर घ्यायचं असलं की रसायनीच्या कारखान्यातली माणसं आधी जयवंताला सोबत न्यायची. तो तिथे गोदामात कारकून होता. खिशातला चाकू काढून तो घराच्या प्रत्येक खांबाला टोचून बघायचा, आतून वाळवीने खाल्लाय का. विहीर वैशाखातच बघा, म्हणायचा. वासे, कौलं, पंचायतीतला उतारा, शेजाऱ्याची वहिवाट, सगळं तपासून झालं की शेवटी सांगायचा, "सही एकाची असली तरी घरात जेवढी माणसं हायत तेवढ्यांना इचारा. एकेकट्याला गाठून इचारा."

एकाहत्तर साली त्याने स्वतःसाठी कुंभिवलीतलं आबाजीचं घर घेतलं, तेव्हा बाकी सगळं केलं, एवढं मात्र केलं नाही.

घर त्याच्या मनात भरलं होतं. रस्त्याला लागून, सागाचे खांब, कारखान्याची बस जवळच थांबणारी. मागच्या खोलीत आबाजीची विधवा चुलती गोदूबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत बसली होती.

"काकी शिळफाट्याला जानार हाय, भाचीकडं," आबाजी म्हणाला. "राजीखुशीनं." आणि तंबाखू मळत तो ओट्यावर गेला.

जयवंता खांबाशी वाकला. म्हातारीचा थापता हात थांबला.

"आन मी कुठं ऱ्हायचं, बाबा?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. जयवंताने चाकू पुन्हा टोचला, जिथे एकदा टोचून झालं होतं तिथेच, आणि ऐकू न आल्यासारखं केलं. उत्तर दिलं असतं तर हे घर सोडावं लागलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. खांब चांगला निघाला.

पंधरा दिवसांत खरेदीखत झालं. म्हातारी गाठोडं घेऊन गेली. जयवंताने चूल फोडून परसात टाकली, त्या जागी शहाबादी फरशी बसवली, आणि खोलीत भाताची पोती रचली.

घरात नवरा-बायको दोघंच. पहिल्यांदा लक्षात आलं ते बायकोच्या, सुंदराच्या. रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील.

"आवो, हितं पाय ठेवून बघा."

परातीएवढ्या जागेत फरशी गरम होती. जयवंताने खिडकी बघितली. ऊन त्या बाजूला येतच नव्हतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा गोठा. त्याने पहार घालून फरशी उचकटली. खाली माती ओली, गार, तिच्यात एक गांडूळ. फरशी परत बसवून कडा लिंपेपर्यंत ती पुन्हा गरम झाली होती.

मग रोजच चारच्या सुमारास तांदळाच्या भाकरीचा वास यायला लागला. नंतर आवाज. थप, थप, थप. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. जयवंताने पोती हलवली, उंदरांचं औषध ठेवलं. आवाज चालूच.

एका रविवारी त्याने पाहिलं, सुंदरा त्या जागेजवळून जाताना लुगडं आवरून, कडेने, जपून पाय टाकत होती.

"अशी का चालतेस गं?"

"तिच्या पाठीला पाय लागंल ना," ती सहज म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते कळून तिने पाय मागे घेतला.

कारखान्यात डबा उघडला की जयवंताच्या कानात म्हातारीचा तो प्रश्न यायचा. म्हातारी शिळफाट्याला झुरून मेली असणार, असं त्याने मनाशी धरलं. मेली ती आपल्यामुळे. पुढच्या रविवारी सकाळी तो तिकडे गेला.

गोदूबाई जिवंत होती. अंगणात बसून तांदूळ निवडत होती.

"तशी धड हाय मावशी," भाची येसूबाई हळूच म्हणाली. "पन भाकरी येत नाय आता तिला. जल्मभर थापल्या, आन आता पीठ हातात घेतलं का नुसती बघत बसती."

जयवंता म्हातारीपुढे बसला. "काकी, तुमी त्या दिवशी इचारलंत. मी ऐकलं व्हतं."

"ठावं हाय," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "तुमी त्याच जागी परत टोचलंत."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "चला घरी. मागची खोली तुमची. शेवटपत्तुर तुमची."

तिने गाठोडं बांधलं.

कुंभिवलीला उतरले तेव्हा चार वाजत आले होते. आतून आवाज येत होता. थप, थप.

गोदूबाई ओटा चढली. पडवी ओलांडून मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. आत पोती होती, फरशी होती, बाकी काही नव्हतं.

ती वाकली आणि बरोबरीच्या बाईशी बोलावं तसं हळू म्हणाली, "सरक गं जराशी."

आवाज थांबला.

म्हातारी वाट बघत उभी राहिली. मग तिने मान हलवली, जशी आपण कुणाचं ऐकून घेतल्यावर हलवतो.

"काय झालं, काकी?" जयवंताने विचारलं.

"नाय सरकत. गेलीस ती गेलीस, म्हंती."

आत पुन्हा थप, थप सुरू झालं.

गोदूबाई मागे फिरली. पडवीत, भिंतीच्या कडेला, परक्या घरात बसावं तशी अंग चोरून बसली. जयवंता तिच्या शेजारी टेकला.

थोड्या वेळाने सुंदराने चहा आणला. ताटात चार कप होते.