ओढ्याच्या तोंडाची मगर

ऐक गड्या, नुसतं ऐक, मधी बोलू नगंस.

आष्ट्याजवळचं कृष्णाकाठचं गाव. एप्रिलचा शेवट. बुधवारी सकाळी अंकिता नदीवर गेली आन जाग्यावरच थिजली. पाणी दिसतच नव्हतं. नुसती मासळी, पोटं वर करून. वास असा, की कावळंबी खाली उतरंनात.

अंकिता एमएस्सीला. नदीतल्या दगडाखालचं बारकं किडं मोजायचा तिचा अभ्यास. शेजारची सुलाबाई लय चिडवायची, "रुखवतात किडंच मांडणार हायस काय गं?" तरी दर आठवड्याला ओढा नदीला मिळतो तिथं ही पोरगी गुडघाभर पाण्यात. फकस्त ह्या सोमवारी गेली नव्हती. तिथं मगर दिसलीया, पाण्यात पाय घालू नगंस, असं आबांनी, म्हंजी तिच्या वडलांनी, बजावलेलं.

दुपारपातुर गुन्हेगार घावला. जाळं टाकणारा जोतिबा. होडीत ब्लीचिंग पावडरची पिशवी मिळाली, ती वतून मासं मारत्यात. घरच्या टाकीला आणलीया म्हणाला, पण कोण ऐकतंय? त्यात आबांनी, उदयसिंह सुभेदारांनी, सांगितलं की सोमवारी त्याला पाण्यात कायतरी वतताना बघितलं. रिटायर फौजी. त्यांच्या शब्दापुढं गावात कोण जातंय? नानासो हवालदारानं जाळी जप्त केली, सांजच्याला ठाण्यावर न्हेतो म्हणाला.

जोतिबानं अंकिताला पाय दावलं. सुजल्यालं, लालभडक.

"सोमवारपास्नं आग हुतीया, ताई. ज्या पाण्यात मी दिसभर हुबा, त्यात मीच इख वतीन व्हय?"

हातात तीन तास. अंकिता नदीत उतरली, पायात गमबूट घालून.

जोतिबा जाळं टाकतो तिथं दगड उचलला. गोगलगाई चालत्याल्या. गाळात गांडुळागत लाल जंत वळवळत्यालं. पण खेकडा मेल्याला, झिंगं मेल्यालं, चतुराची पाण्यातली पिल्लं मेल्याली. ती वर सरकली. तिथंबी तेच. ओढ्याच्या तोंडापातुर तेच. आन तोंडाच्या वर एक पाऊल टाकलं, तर दगडाखाली सगळं जित्तं!

ती ओढ्यात वळली. बाभळीखाली ट्रॅक्टरच्या चाकाचं वण. दगडांवर दुधागत पांढरा थर. माघारी येऊन तिनं जोतिबाला एकच विचारलं, औंदा मगर बघितलीस का? तो म्हणाला, एकबी न्हाई.

सांजच्याला पंचायतीत सगळं गाव. कोपऱ्यात जोतिबा, खुर्चीत आबा. अंकितानं नदीतनं गोळा केल्याल्या किड्यांचा ट्रे टेबलावर ठेवला.

"ब्लीचिंग असतं तर गोगलगाई वाचल्या नसत्या. त्या जित्त्या हायत. मेल्यात ते किडं आन खेकडं. म्हंजी हे किडं मारायचं औषध, बागंवर मारत्यात ते. आन मरण सुरू हुतंय जाळ्याच्या लय वर, ओढ्यापास्नं."

नानासो म्हणाला, "आगं, दर साली द्राक्षवालं फवारणीचा ब्लोअर ओढ्यात धुत्यात. कवा मासा मेला?"

"दर साली पाणी वाहतं असतं. औंदा वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्याच न्हाईत, पाणी तिथंच अडलं. ढोपराएवढं पाणी, ते तापल्यालं, त्यात गावाचं गटार. उन्हाला किडं दगडाच्या बुडी घुसलं. घाणीनं दम कोंडला तवा उथळ धारंला आलं. एकेक तरास सोसत हुतं. माझ्या वहीत हाय, दर आठवड्याला थोडं थोडं कमी हुत गेल्यालं. तेवढ्यात औषध आलं, आन पळाय जागाच उरली न्हाई. मागनं मासं गेलं."

"कुणाचा ब्लोअर?"

ओढ्याकडंला बागा तिघांच्या. तिघंबी तिथंच बसल्यालं, त्यातलं एक आबा. अंकितानं बापाकडं बघितलं.

"आबा, सोमवारी मगर कुणी बघितली?"

"मगर?" नानासो म्हणाला. "मला तर कुणी कळवलं न्हाई."

"जोतिबाला न्हाई दिसली. गावात कुणाला न्हाई. फकस्त मला सांगितली तुमी. मासं मरायच्या दोन दिस आधी. त्या पाण्यात काय हाय, ते तुमाला ठावं हुतं."

आबांचा मिशीवर गेल्याला हात तिथंच राहिला.

"ऐतवारी धुतला ब्लोअर," ते लय हळू म्हणालं. "वाहून जाईल वाटलं. पण तुझं पाय तिथं नकोत, एवढंच सुचलं बघ. मग मासं मेलं, मी घाबरलो, आन जोतिबावर ढकललं."

जोतिबा आपल्या सुजल्या पायांकडं बघत बसला.

नानासोनं जोतिबावरचा जुना कागद फाडला, आबांच्या नावाचा नवा पुढं वढला, आन अंकिताला म्हणाला, सही कर. तिनं केली. मगरीच्या ज्या लबाडीनं बाप घावला, तिनंच तिचं पाय वाचल्यालं बघ.

तू असतास तर काय केलं असतंस रं?