बाळाला तेवढं घ्या

क्षिप्राचं काम घरबसल्याचं. परदेशी सिनेमांखाली मराठी वाक्यं लिहायची. नऊ महिन्यांचा अद्वय दुपारी दोन उशांच्या मध्ये झोपला, की कोलशेतच्या सोसायटीतल्या त्या अकराव्या मजल्यावर तिला हक्काचे दोन तास मिळत. त्यातला अर्धा तास, तो श्वास घेतोय ना हे बघण्यातच जाई.

त्या दिवशीचा सिनेमा युद्धाचा होता. शांतिसेनेचा एक सैनिक छावणीच्या फाटकावर उभा. बाहेर शेजारीच शेजाऱ्यांना कापून काढतायत, आणि याला हुकूम असा, की बंदूक चालवायची नाही, यादीत नसलेल्याला आत घ्यायचं नाही. निळं कापड गुंडाळलेली एक बाई फाटकावरून आपलं तान्हं पुढे करते, काहीतरी विनवते. सैनिक मान हलवतो, दोनच शब्द बोलतो.

बाईचं वाक्य काही जमेना. चार वेळा खोडून क्षिप्राने लिहिलं, 'मला नको. बाळाला तेवढं घ्या.' आणि चित्र तिथेच थांबवलं.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"मॅडम, सीताराम बोलतोय, गेटवरून. एक बाई आलीय, कडेवर बाळ आहे. तुमच्याकडेच यायचं म्हणते. सोडू?"

"नको, नको! मी कोणाला बोलावलेलं नाही."

गेल्या महिन्यात एक अनोळखी माणूस थेट दारापर्यंत आलेला. तेव्हा विचारल्याशिवाय कोणालाही सोडायचं नाही, हा नियम तिनेच सोसायटीकडून करून घेतलेला. मीटिंगमध्ये टाळ्याही पडलेल्या. बाळ घेऊन कोणी चोर येतात का गं, तिने स्वतःला विचारलं. येतही असतील, असं लगेच उत्तरही देऊन टाकलं.

पुन्हा इंटरकॉम.

"मॅडम... ती म्हणते, मला नको. बाळाला तेवढं घ्या."

ते वाक्य तिने अजून कोणाला पाठवलंसुद्धा नव्हतं.

"सीताराम... नेसलंय काय तिने?"

"निळं कायतरी गुंडाळलंय. उन्हात उभी आहे हो बिचारी. पाय नुसते लाल मातीने भरलेत. काय सांगू?"

बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत अद्वय. क्षिप्राने डोळे मिटून घेतले.

"परवानगी नाही म्हणावं."

सैनिकाचं वाक्य तिने मघाशी अगदी असंच लिहिलं होतं.

ती खुर्चीशी परतली. थांबवलेल्या चित्रात बाई तिथेच होती. पुढे केलेले हात मात्र रिकामे. क्षिप्राने सिनेमा मागे नेला, पुन्हा लावला. रिकामेच. घरात कुठून तरी ओल्या मातीचा वास येऊ लागला होता.

तिने इंटरकॉम उचलला. "ती... ती बाई?"

"गेली की. तुम्ही बाळ घेतलंत, मग गेली."

"मी?"

"असं काय करता, मॅडम? आत्ता तुम्हीच खाली आलेलात ना... अनवाणी."

तिने खाली पाहिलं. पांढऱ्या फरशीवर तिच्याच पावलांचे लाल ठसे, मुख्य दारापासून थेट बेडरूमपर्यंत.

आत अद्वय गाढ झोपला होता, पण पलंगाच्या कडेला सरकून, शेजारी कोणाला जागा करून दिल्यासारखा. मोकळ्या जागेवर त्याचा इवलासा हात होता. आणि त्या हाताखालची चादर, संथपणे, वर-खाली होत होती.