आगाऊ भरलेला आठवडा

खोली क्रमांक चारमध्ये एकूण अकरा खुणा होत्या. गॅलरीच्या तुळईवर दोरीचे दोन वळ, एकमेकांपासून सेहेचाळीस सेंटिमीटरवर. कोपऱ्यातल्या फरशीवर एक गोल डाग, व्यास एकोणीस सेंटिमीटर. खिडकीच्या कट्ट्यावर धुऊन वाळत घातलेल्या आंब्याच्या सात कोयी. आणि पलंगाखाली हिरव्या बांगडीचा एक तुकडा.

ममता सोनवणेनं मोजपट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली. जळगावात मेहरूण तलावाजवळ तिचं छोटंसं कार्यालय होतं. बाहेरच्या पाटीवर ‘खासगी तपास’ असं लिहिलेलं. त्याआधी सहा वर्षं तिनं माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती.

“दोरी, बांगडी... ताई, इथं कोणाला तरी बांधून ठेवलं होतं,” जगदीशभाऊ हळूच म्हणाले. ते भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. ममताची गाडी तेच चालवत आणि प्रत्येक प्रकरणात पहिला अंदाज तेच करत.

“आणि बांधणाऱ्यानं त्याला आंबे खाऊ घालून कोया धुऊन ठेवल्या?”

जगदीशभाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली.

दारात दिपमाला उभी होती. वय चाळिशीच्या आसपास, राहणं मेलबर्नला. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या अनेरकाठ हॉलिडे क्लबात तिच्या नावावर एक आठवडा होता. इथं खोली विकत मिळत नसे, वर्षातला एक आठवडा मिळे. त्या आठवड्याची देखभाल म्हणून दरवर्षी शुल्क भरायचं. परदेशी राहणाऱ्या सभासदांनी ते मार्चमध्येच, आगाऊ भरायचं.

“नाना, माझे वडील, गेले २०२१च्या दिवाळीत,” ती म्हणाली. “तेव्हापासून चारही वर्षं मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरलेत. आले मात्र आत्ताच. खोली बंद असेल असं धरून चालले होते.”

“वापरत नाही, तर भरता कशाला?”

“गावचं घर गेलं, शेत गेलं. फुईकडचे, म्हणजे नानांच्या बहिणीकडचे, वाटणीवरून बोलायचे बंद झाले. नानांचं म्हणून एवढंच उरलंय. मी फक्त खोलीची तक्रार केली होती. आता मॅनेजर खोल्या झाडणाऱ्या ताईबाईला काढायला निघालेत. पाच वाजता मालकांना फोन करणार आहेत. अकरा वर्षं काम करतेय ती इथं. माझ्या एका वाक्यानं तिची भाकरी जायला नको. खरं काय ते शोधा.”

ममतानं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

मॅनेजर कुंदन बडगुजर चार महिन्यांपूर्वीच इथं आला होता. टेबल नीटनेटकं, बोलणं त्याहून.

“चावी ताईबाईकडे. खोली झाडते ताईबाई. कुलूप फुटलेलं नाही. मॅडम, यात शोधायचं काय?”

“संगणकात या खोलीचं काय दिसतं?”

“सभासद भारताबाहेर. शुल्क आगाऊ जमा. हंगाम उन्हाळी.” तो हसला. “एप्रिल-मे मधला कुठलाही एक आठवडा. चव्वेचाळीस अंशात इथं येतो कोण? म्हणून तर तो हंगाम सगळ्यात स्वस्त.”

“नाना होतेच चिकट,” दिपमाला म्हणाली, पण मायेनं. “आई चिडवायची, की केळी विकून भट्टीतला आठवडा घेतला म्हणून.”

“तुम्ही थंडीतला मागितला असता, तर नानांना परवडला नसता?”

“परवडला असता की. त्या वर्षी केळीला भाव होता. पण ऐकलं नाही त्यांनी. अडूनच बसले.”

ममतानं वहीत एक ओळ लिहिली. “पैसे भरल्यावर पावती येते?”

“ईमेलनं येते, पण आठवड्यानं. मोबाईलवर मेसेज येतो म्हणे, पण मला कधी आलाच नाही.”

“जातो ना,” कुंदन म्हणाला. “भारतातल्या संपर्काच्या नंबरवर. आपोआप जातो. हा बघा.” त्यानं नंबर वाचून दाखवला.

“हा माझा नाही. नानांचाही नाही,” दिपमाला म्हणाली.

“मेसेजात काय असतं?”

कुंदननं पडद्यावरून वाचलं, “आपल्या आठवड्याचे शुल्क मिळाले. यंदाही अवश्य यावे. आम्ही आपली वाट पाहत आहोत.”

फाटकावर बादल पावरा बसला होता. रखवालदारीबरोबर रोज संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक खोलीचं वीजमीटर वहीत उतरवायचं कामही त्याच्याकडेच होतं. खोलीगणिक मीटर २०२३च्या जानेवारीत बसले, तेव्हापासूनची वही त्यानं पुढं केली.

“चार नंबरला कुठली गाडी आली होती?” जगदीशभाऊंनी आवाज चढवून विचारलं.

“गाडी एक पण नाही साहेब. गाडी आली की नंबर लिहितो मी.”

“आणि पायी कोणी आलं तर?” ममता म्हणाली.

बादलनं डोकं खाजवलं. “पायी येणाऱ्याला नंबर कुठून असणार?”

वहीत चार नंबरचा आकडा वर्षभर हलला नव्हता. फक्त २०२३मध्ये २२ एप्रिलला, २०२४मध्ये १० मेला आणि यंदा ३० एप्रिलला तो हलला होता. दर वेळी दोन दिवस, एकेक युनिट.

“एक युनिट म्हणजे नुसता पंखा,” ममता म्हणाली. “एसी लावलेलाच नाही.”

“पत्त्यांचा अड्डा असणार! इथलंच कोणी खोली भाड्यानं देत असेल,” जगदीशभाऊ म्हणाले.

“भाडं भरलेला माणूस या उन्हात एसी बंद ठेवेल, भाऊ?”

“मग तारखा तरी अशा का? वार वेगळे, महिना वेगळा. काही मेळच नाही.”

“आधी अठरा दिवस पुढं. मग दहा दिवस मागं,” ममता स्वतःशीच पुटपुटली आणि फाटकाजवळच्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका तिनं बराच वेळ न्याहाळली.

ताईबाई मागच्या ओट्यावर चादरी घड्या करत होती. तिनं मान वर केली नाही.

“ताईबाई, खोलीत कोण आलं होतं?”

“पाव्हना कोनी उना नही.”

“तुमची नोकरी जाईल.”

“जाऊ दे. मी चोरी कयी नही.” तिनं चादर झटकली. “कोनले शबद दिधा ते पायना पडस, बाई.”

“ज्यांना शब्द दिला, त्यांना माहीत आहे का तुमची नोकरी जातेय ते?”

ताईबाईचे हात थांबले.

ममता पुन्हा चार नंबरमध्ये गेली. गोल डागाजवळ गुडघे टेकून तिनं भिंग लावलं. डाग पांढुरका होता. बोट ओलं करून घासल्यावर खडबडीत लागला. मातीच्या भांड्यातून पाणी पाझरून मागं राहिलेला तो क्षार होता. कडा एक नव्हती. एकमेकींना छेदणाऱ्या वर्तुळांच्या कडा होत्या. तिनं त्या दोनदा मोजल्या. चार.

मग ती बाहेर गेली आणि कुंदननं वाचलेल्या नंबरवर फोन केला. साडेतीन मिनिटं बोलली. जगदीशभाऊंनी विचारलं, तर म्हणाली, “जेवून घेऊ. साडेचारला सगळ्यांना ऑफिसात बोलवा.”

साडेचारला सगळे जमले. ताईबाई दाराशी उभी राहिली, बसली नाही. कुंदननं फोन समोर काढून ठेवला होता.

“आधी तारखा,” ममता म्हणाली. “इंग्रजी महिन्यात त्यांचा मेळ बसत नाही. पण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं आणि अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढं सरकते, ती तिथी. मी दिनदर्शिकेत पाहिलं. यंदा ३० एप्रिलला अक्षय तृतीया होती. बाकीच्या दोन तारखा फोनवर तपासल्या. त्याही अक्षय तृतीयेच्याच.”

“आपली आखाजी!” जगदीशभाऊ म्हणाले. “म्हणजे पत्त्यांचं माझं अगदीच चुकलं नव्हतं.”

“पुरुषांची आखाजी पत्त्यांची, भाऊ. बायकांची कशाची?”

“झोक्याची. लेकी माहेरी येतात...” ते थांबले आणि त्यांनी गॅलरीच्या दिशेनं पाहिलं.

“सेहेचाळीस सेंटिमीटर. एका माणसाच्या पाटाएवढं अंतर. आणि कोपऱ्यात मातीची घागर. आखाजीला आपण गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतो. कडा चार आहेत. मीटरमध्ये तीन वर्षं दिसतात, कारण मीटर २०२३मध्ये बसले. घागरी मात्र २०२२पासून भरल्या गेल्या. दिपमालाताई, २०२१च्या दिवाळीत कोण गेलं?”

दिपमालानं खुर्चीचा हात धरला.

“नानांची घागर भरायला मुलगा नाही, मुलगी मेलबर्नला. मग भरेल कोण? जिला ते आपलं माणूस वाटतं आणि जी आखाजीला माहेरी येते, अशी बाई. म्हणजे नानांची बहीण. नानांनी भट्टीतला आठवडा स्वस्त म्हणून घेतला नव्हता. आखाजी त्याच हंगामात येते म्हणून घेतला. गावचं घर विकल्यावर बहिणीला बोलवायला जागा हवी होती.” ती कुंदनकडे वळली. “नानांच्या हेतूबद्दलचा हा अजून माझा तर्क आहे. तो तपासता येईल. संगणकात मघाशी अर्जाचं फक्त पहिलंच पान दिसलं. कपाटातून मूळ अर्ज काढा. दुसऱ्या पानावर, सभासदाच्या गैरहजेरीत वापरणाऱ्याच्या रकान्यात, एका बाईचं नाव असेल आणि पुढं हाच फोन नंबर.”

कुंदनला फाईल सापडायला नऊ मिनिटं लागली. त्यानं दुसरं पान वाचलं. “दगडीबाई चिंधा पाटील. देवपूर, धुळे. नातं बहीण.” नंबर त्यानं दोनदा जुळवून पाहिला. “म्हणजे त्या रीतसरच...”

“रीतसर. चावी मागायचा त्यांना हक्क होता आणि ताईबाईंनी ती द्यायलाच हवी होती.”

“मग सांगितलं का नाही हिनं?”

“दगडीअक्काना पोर्‍या,” ताईबाई पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलली. “वाटनीसाठे भांडेल. माय आठे येस समजनं ते घरमा रान उठाडतीन. अक्का त्यासले सांगस, भुसावयले मैतरीनकडे जास. माले बोलनी, ताई, कोनले सांगू नको. आनि लेक काय पाव्हनी ऱ्हास? मी खोटं बोलनू नही.”

“पण फुईला बोलावलं कोणी?” दिपमालाचा आवाज बारीक झाला होता. “नाना नाहीत. मी तर चार वर्षांत फोनसुद्धा केला नाही.”

तेवढ्यात बादल दारात आला. “मॅडम, एक म्हातारी पायी येतेय. फाट्यावर बसमधून उतरली.”

दगडीबाई आत आल्या त्या थेट कुंदनसमोर उभ्या राहिल्या. पासष्टी उलटलेल्या, घामानं डबडबलेल्या, श्वास लागलेला.

“ह्या ताईबाईले काढू नको, भाऊ. काय करनं ते माले कर. दुपारले फोन उना, तवयच पोर्‍यासले मी सांगी दिधं, मी कोठे जास ते. आते कोनले भिवानं नही.”

“कोणी काढत नाही तिला, अक्का,” कुंदन म्हणाला. त्यानं फोन उचलून खिशात टाकला आणि ताईबाईसमोर खुर्ची सरकवली. “चुकलं माझं, ताईबाई. बसा.”

मग दगडीबाईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. दिपमालाला त्यांनी लगेच ओळखलं नाही. ओळखल्यावर पिशवीतून मोबाईल काढून तिच्यापुढं धरला. त्यावर चार मेसेज जपून ठेवलेले होते, चारही मार्चमधले. यंदाही अवश्य यावे. आम्ही आपली वाट पाहत आहोत.

“भाऊ व्हता तवय मुराळी धाडे,” त्या म्हणाल्या. मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. “भाऊ गया ते मी म्हनी, आते कोन बोलावस? अन् मार्चमा तुना निरोप उना. दरसाल येस. घरना बठ्ठा लोके बोलनात, दिपू इसरी गई. मी म्हनू, इसरी नही, बोलावनं धाडस ती. तू कधी दिखनी नही, पन बोलावनं चुकनं नही, माय.”

क्लबचा तो मेसेज पैसे जमा होताच यंत्र आपोआप पाठवतं, हे कुंदन सांगणार होता. जगदीशभाऊंनी त्याच्या पायावर पाय दिला.

दिपमालानं मोबाईल हातात घेतला. चारही तारखा वाचल्या. त्या तिनं पैसे भरल्याच्या तारखा होत्या.

“हो फुई,” ती म्हणाली. “मीच धाडत होते.”

आणि तिनं म्हातारीला मिठी मारली. ममतानं सवयीनं घड्याळाकडे पाहून तीही मोजली.

दोन मिनिटं अकरा सेकंद.