सहीसाठी थांबलेली नोंद

शर्मिष्ठा मॅडमचं सॉफ्टवेअरमधलं खातं बंद करायचं, एवढंच काम होतं. रविवारी दुपारी आमचं सात बंगल्याचं क्लिनिक रिकामं असतं, म्हणून मी रविवार निवडला. भुताखेतांच्या गोष्टी सांगण्यातली मी नाही. मी समुपदेशक आहे, माझं काम ऐकायचं. पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुम्ही मध्येमध्ये बोलत नाही, म्हणून सांगते.

आमच्याकडे प्रत्येक सेशननंतर सॉफ्टवेअरमध्ये नोंद लिहावी लागते. ती सुपरव्हायझर वाचते, बाजूला शेरे लिहिते, आणि पटली तर सही करते. सही झाली की नोंदीला कुलूप. मग तिथे कुणालाच एक अक्षरही लिहिता येत नाही. माझ्या सुपरव्हायझर शर्मिष्ठा मॅडम. माझ्या नोंदी त्यांनी सहा वर्षं वाचल्या, माझ्या आईनं माझी पत्रं वाचली नसतील इतक्या बारकाईनं. मार्चमधल्या एका रविवारी पाच वाजता त्या नेहमीसारख्या दिंडोशीला जायला रिक्षात बसल्या आणि घरी पोचल्याच नाहीत. हृदय बंद पडलं. रिक्षावाल्याला जोगेश्वरी येईपर्यंत कळलंही नाही.

त्यांच्याकडे माझ्या नऊ नोंदी सहीविना अडकल्या होत्या. त्या सुटल्याशिवाय खातं बंद होत नव्हतं. “आता सीनियर तूच ना?” क्लिनिक चालवणारा केयूर म्हणाला. “तूच सह्या कर आणि उडवून टाक यार.” उडवून टाक म्हणे.

आठ सह्या मी पटापट केल्या. नववी नोंद सखुबाईंची. खरं नाव सांगता येत नाही, सखुबाई म्हणू या. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. त्यांचा मुलगा हितेश दोन वर्षांपूर्वी बोटीवरून गेला तो परत आलाच नाही, आणि त्या रोज दिवेलागणीला दारात त्याचं ताट वाढत. मी लिहिलं होतं, ‘ताट वाढणं बंद करण्यास रुग्ण तयार. प्रगती समाधानकारक.’

सहीच्या बटणावर बोट नेलं आणि बाजूला शेरा उमटला. शर्मिष्ठा मॅडमच्या नावानं, त्या रविवारच्याच तारखेचा.

‘हे विचारलंस, की मागच्या आठवड्याचं उचललंस?’

उचललं होतं. मागची नोंद चिकटवायची आणि तारीख बदलायची, दमलेला प्रत्येक जण हे करतो. मॅडम ते नेहमी पकडायच्या. तेवढ्यात खाली दुसरी ओळ आली. ‘पंखा दोनवर कर गं. सर्दी होते मला.’

पंखा पाचवर होता. मी उठून दोनवर केला. खोलीत निलगिरीचा वास होता. बारा महिने सर्दी असायची त्यांना, रुमालावर तेलाचे दोन थेंब कायम.

घाबरून पळाले असेन असं वाटलं ना तुम्हाला? मी सही केली नाही. केयूरला सांगितलं, एक नोंद किचकट आहे, वेळ लागेल. तो म्हणाला, जुने शेरे कधीकधी उशिरा दिसतात, सिस्टिमची वाट लागलीय. मी मान डोलावली.

त्यानंतर दर रविवारी मी एकटी येऊन ती नोंद उघडून बसायची. पंखा दोनवर. दुपारी कधीतरी एखादी ओळ यायची. ‘बारीक झालीस.’ ‘त्या नवीन मुलीला ओरडू नकोस, शिकेल.’ मला त्यांची फार आठवण येत होती हो. आठवडाभर लोकांना मी सांगायची, गेलेल्या माणसाला जाऊ द्यावं, आणि रविवारी हे.

मग ओळी बदलल्या. ‘दमले गं.’ पुढच्या रविवारी, ‘सही कर ना. खाली रिक्षा थांबलीय.’

मी खिडकीतून पाहिलं. फाटकापाशी खरंच एक रिक्षा होती. साडेपाचला निघून गेली.

शेवटच्या रविवारी पाच वाजता वॉचमन धोंडिराम वर आला. दारातच थांबला.

“मॅडम, तो रिक्षावाला दर रविवारी येतो. दिंडोशीची सवारी म्हणतो. मी म्हटलं, वर नेत्रा मॅडम एकट्याच असतात…”

“मग?”

“म्हणाला, तीन सवाऱ्या सांगितल्यात. ती दिंडोशीची बाई खाली उतरत नसेल, तर… वरच्या मॅडमलाच खाली पाठव.”

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती. मी पर्स उचलली. त्या रिक्षात मॅडम भेटतील, एवढंच डोक्यात होतं.

स्क्रीनवर ओळ उमटली. ‘नेत्रा, खाली जाऊ नकोस.’ सहा वर्षांत त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती, नेहमी ‘मुली’. मग, ‘खरं लिही. सही कर.’

मी बसले. जुनी वाक्यं खोडली. लिहिलं, ‘ताटाबद्दल मी विचारलं नाही. रुग्ण अजून ताट वाढते. उचललं तर तो कुठे जाईल, असं आपणहून म्हणाली. मी विषय बदलला.’ आणि रडत रडत सही केली.

नोंदीला कुलूप लागलं. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. निलगिरीचा वास हळूहळू गेला, आणि मी पंखा बंद करून घरी आले. सोमवारी केयूरनं खातं बंद केलं.

गुरुवारी सखुबाई आल्या. या वेळी मी विचारलं.

“ताट बंद केलं बाय,” त्या म्हणाल्या. “रविवारी दिवेलागणीला एक बाई रिक्षानं आल्या. नाकाला रुमाल. बोलल्या, मी त्याच वाटंनं चाललेय, तुझ्या पोराला संगती नेते. तू ताट उचल.” त्यांनी दीर्घ श्वास घेतला. “तुझ्या या खोलीत येतो ना, तोच वास होता.”

मला कसलाच वास येत नव्हता.

“आणि?” मी विचारलं.

“रिक्षावाला बोलला, तिसरी सवारी कुठं हाय? तवा त्या बाई हसल्या. बोलल्या, तिच्यासाठी थोडं थांब. तिची एक नोंद लिवायची बाकी हाय.”

सेशन संपलं, सखुबाई गेल्या. नियमाप्रमाणे चोवीस तासांत नोंद लिहायची असते. केयूर रोज आठवण करतो.

त्या गुरुवारची नोंद मी अजून लिहिलेली नाही.