बंद टीव्हीतली माशी

हे अगदी खरं घडलेलं आहे. पटत नसेल त्यांनी कालिंदी टिपणीसांच्या घरी जाऊन विचारावं, तुमच्याकडे टीव्ही का नाही? त्या उत्तर देणार नाहीत. चहासुद्धा न विचारता वाटेला लावतील.

साल १९७८. कलकत्ता. गार्डन रीचमधलं रेल्वेचं क्वार्टर. पावसाळा संपत आला होता.

कालिंदीच्या नवऱ्याने, दिगंबरने टीव्ही आणला, कारण वरच्या मजल्यावर आला होता. दुसरं कारण त्या माणसाला कधी लागलंच नाही. रोज संध्याकाळी तो चार वर्षांच्या लेकीला, शैलाला त्या खोक्यापुढे बसवायचा आणि स्वतः गॅलरीत पत्ते कुटायचा.

"पोरगी कशी गप्प बसते बघ!"

"दगडही गप्पच बसतो," कालिंदी म्हणायची.

शेजारीपाजारी यायचे. जन्मात कुंडीत तुळस न लावलेली ही माणसं भातावरच्या किडीचा कार्यक्रम तोंडाचा आ वासून बघायची. कालिंदीला त्यांची कीव येत नसे. किळस येई.

शेवटी तिने नियम केला. शैलाला फक्त अर्धा तास. मग टीव्हीची लाकडी दारं बंद, वर कुलूप, किल्ली कालिंदीच्या कमरेला.

शैला रडली नाही.

हेच विचित्र होतं...

ती त्या बंद दारांपुढे तशीच बसून राहायची. "बापावर गेलीये मेली. बंद खोकंसुद्धा बघते!" असं पुटपुटत कालिंदी स्वयंपाकघरात निघून जायची. कुलूप लागलं, आपलं काम झालं, असंच तिला वाटे.

एका संध्याकाळी लोडशेडिंग झालं.

पंखा थांबला. गॅलरीत दिगंबर पत्ते दिसेनात म्हणून शिव्या घालू लागला. कालिंदी ओट्यापाशी कंदील पेटवत होती.

आतून हसण्याचा आवाज आला...

शैला हसत होती.

"काय झालं गं?"

"माशी आली."

"मग हाकल तिला."

"अगं आई, ती माशी नाही. मावशी! बंगालीत माशीच म्हणतात ना."

कालिंदीचा हात थबकला.

शैलाला धड मराठी येत नव्हतं. मोलकरणीचं बंगाली, पोरांचं हिंदी आणि त्यात आपले चार मराठी शब्द. आणि आता ती खणखणीत बोलत होती...

"ती विचारतेय, तुझी आई तुला कधीच जवळ घेत नाही का?"

कालिंदी कंदील घेऊन आत धावली.

शैला फरशीवर बसली होती. एकटीच. टीव्हीचं कुलूप जागच्या जागी. पण दारांच्या फटीतून...

निळसर उजेड येत होता.

वीज तर नव्हती!

तिने कुलूप काढलं. दारं उघडली. काच काळीकुट्ट. त्या काचेत कंदील दिसला. ती स्वतः दिसली. शैला दिसली...

पण काचेतली शैला फरशीवर नव्हती.

ती कुणाच्या तरी मांडीवर बसली होती.

आणि ती बाई शैलाकडे बघतच नव्हती. ती कालिंदीकडे बघत होती. कालिंदी दिगंबरकडे ज्या नजरेने बघायची ना, अगदी त्याच नजरेने.

दुसऱ्याच दिवशी टीव्ही घरातून गेला. "एवढ्याशा अंधाराला भ्यालीस?" दिगंबर कुरकुरला.

त्यानंतर दिवे गेले, की ती हातातलं सगळं टाकून शैलाला मांडीवर घ्यायची. गोष्टी सांगायची. महाराष्ट्र मंडळातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, "कलकत्त्यात राहून मुलीला किती सुंदर मराठी शिकवलंत हो!"

कालिंदी मान खाली घालायची. तिने काहीच शिकवलं नव्हतं.

थंडीतल्या एका संध्याकाळी असेच दिवे गेले होते. गोष्ट लांबली. कालिंदीच्या मांड्यांना रग लागली. पोरगी वाढतेय, तिच्या मनात आलं.

तेवढ्यात शैलाने वर पाहिलं.

"आई, जड होतंय का गं?"

"नाही गं राणी."

"नाही, म्हणजे... आम्ही दोघी बसलोय ना."