परत मिळालेला तास

“अहो, उठा, उठा! ती खुर्ची आजारी आहे!”

ती अशी दचकली, की कपातला अर्धा चहा बशीत आला. जहाजावरचा दुसराच दिवस, वाचनालयात चिटपाखरू नाही, आणि सगळ्या खुर्च्या सोडून तिने नेमकी खिडकीजवळची ही हिरवी खुर्ची निवडली होती. वळून बघते तर काय, जमिनीवर मांडी घालून एक माणूस बसलेला! ओठांत चार बारीक खिळे, हातात वाकडा दाभण.

“आजारी?”

त्याने खिळे तळहातावर काढून घेतले. “खुर्चीच्या हाताला लाल फीत बांधलीय, दिसली नाही? लाल फीत म्हणजे पेशंट. आतली स्प्रिंग सुटलीय. कधी टोचेल, काही नेम नाही.”

“फीत दिसली. मला वाटलं… शोभेची असेल.”

“शोभेची!” असं म्हणून तो हसला, आणि त्याच्या एकाच गालावर खळी पडली. एकाच! दुसरा गाल आपला शहाण्यासारखा गप्प.

हे तिच्या लक्षात यायलाच हवं होतं म्हणा, तिचा धंदाच तो. घरी आत्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि आता ते तीच चालवत होती. दिवसभर माणसांच्या डोळ्यांत बघायचं, दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, फ्रेम कानांमागे नीट बसवून द्यायची. चौतिसाव्या वर्षापर्यंत इतक्या डोळ्यांत बघून झालं होतं, की आता कुणाच्या डोळ्यांचं तिला काही वाटत नसे. निदान तिची तशी समजूत होती.

“एकट्याच आलात? तेही भर नोव्हेंबरात?” त्याने विचारलं.

“आत्या आहे बरोबर. तिचाच हट्ट. सगळे म्हणाले, उन्हाळ्यात जा. तर म्हणाली, उन्हाळा संपला म्हणून भूमध्य समुद्र काय बिऱ्हाड उचलून घरी जातो का?”

तो इतक्या मोठ्याने हसला, की उरलेला चहाही हिंदकळला.

आत्याचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं निघालं. काय दिवस होते ते! ऊन असं कोवळं, की पाठीवर घेऊन बसावं. डेकवर खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यांत माणसं म्हणाल तर पाच-सहा. पोहण्याच्या तलावातलं पाणी एकटंच या कडेवरून त्या कडेवर डुलायचं. संध्याकाळी सहा वादक वाजवायचे चार जोडप्यांसाठी, तरी जीव तोडून वाजवायचे. जहाज बंदराला लागलं की किनाऱ्यावरच्या गल्ल्यांत मांजरं रस्त्याच्या मधोमध झोपलेली दिसत. एका संग्रहालयात तर पहारेकरी स्वतःच दिवे लावत लावत पुढे चालला, आणि आपल्या लाडक्या चित्रापाशी त्याने दोघींना दहा मिनिटं उभं केलं. आत्या म्हणाली, “बघ, गर्दी गेली की घर खरं दिसतं.”

खुर्चीवालाही म्हणूनच तर आला होता. “मोसमात मला कोण विचारतंय? प्रत्येक खुर्चीवर माणूस असतो. आता निम्म्या रिकाम्या. मी दरवर्षी याच दिवसांत येतो. एका बंदरात चढतो, पाचवा दिवस सरला की पुढच्या बंदरात उतरतो.”

हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी ती रोज चहा घेऊन वाचनालयात जातच राहिली… वाचायला! पुस्तकाची पानं किती उलटली, ते विचारू नका.

दुसऱ्या सकाळी तो दोरा ओवत होता. एकदा चुकला, दोनदा चुकला, मग हात लांब करून तिसऱ्यांदा चुकला. तिला राहवेना.

“चाळिशी लागलीय तुम्हाला.”

“मला? छे! दोराच जाड आहे. आणि चाळीस व्हायला अजून दोन वर्षं आहेत मला.”

“डोळ्यांना कुठे आकडे मोजता येतात? आज हात एवढा लांब करताय, वर्षभराने तोही पुरायचा नाही. मग काय, सुई शेजाऱ्याकडे धरायला देणार?”

“तुम्ही शेजारी असाल तर…” एवढं बोलून तो घाईघाईने दोऱ्याकडे वळला. चौथ्यांदाही चुकला.

आत्याच्या पिशवीत वाचायचे तीन चष्मे असत. त्यातला शेंदरी फ्रेमचा ती उचलून घेऊन गेली. दिवसाला तीस माणसांना ती चष्मा घालून देई, पण या एकतिसाव्याच्या कानांमागे काड्या बसवताना बोटं नीट चालेनात. चालायला काय झालं होतं मेल्यांना!

त्याने हातातल्या शिवणीकडे पाहिलं. “बापरे… एवढे बारीक टाके घालतो होय मी!” मग मान वर केली. “आणि तुमच्या नाकाच्या टोकाला तीळ आहे.”

“लांबचं बघताना काढायचा असतो तो चष्मा,” ती म्हणाली. कान तापले होते.

“लांब कुठे आहात तुम्ही?”

तिने चहाचा घोट घेतला. कप कधीचा रिकामा होता.

असे दिवस जात होते. तिला त्याचे हात बघायला आवडू लागलं. फाटलेल्या कापडाची कड तो अशी हलकेच उचलायचा, जणू खाली कुणी झोपलंय. जुनी गादी उसवली, की आत काय निघेल याची त्याला अजून उत्सुकता वाटायची. वीस वर्षं तेच काम करून! एकदा त्याने एक खुर्ची उलटी करून तिला लाकडावरची पेन्सिल दाखवली. आधी दुरुस्ती करणाऱ्याने तारीख घातली होती, वेळ घातली होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘पाऊस. पाठ दुखते.’

“आमच्यात पद्धत आहे. काम झालं की खाली तारीख, वेळ आणि मनातलं एखादं वाक्य.”

“खुर्चीखालचं कोण वाचणार?”

“पुढचा खुर्चीवाला. वीस वर्षांनी का होईना, वाचतो बिचारा.”

पाचव्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रातच होतं. कॅप्टनने सकाळी कर्ण्यावरून सांगितलं, की आपण पश्चिमेकडे चाललो आहोत, तेव्हा आज दुपारी दोन वाजले की घड्याळं मागे घेऊन पुन्हा एक वाजवायचा. आत्या खूश. “एक तास फुकटात! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी वेळ परत देतंय.”

जेवण उरकून, दीडच्या सुमारास ती वाचनालयात गेली. हिरवी खुर्ची त्याने शेवटची ठेवली होती. शेवटचा टाका घालून त्याने दोरा तोडला आणि लाल फीत सोडून तिच्या हातात दिली.

“बरी झाली. आता बसा खुशाल.” मग म्हणाला, “उद्या सकाळी उतरतो मी… माझ्या गावाहून तुमचं गाव गाडीने तीन तासांवर आहे. मी बघितलं नकाशात. पुढच्या रविवारी… येऊ का? दुकानातल्या खुर्च्या बघायला?”

“आमच्याकडे स्टुलं आहेत.”

“मग स्टुलं बघायला.”

इथे हसायचं होतं. तिला हसूही आलं होतं, अगदी ओठांपर्यंत. पण त्याच्या आधी तो जुना, सवयीचा शब्द बाहेर पडला.

“नको.”

यापूर्वी दोघे आले होते. दोघांनाही ती आवडली होती, आणि दोघांनीही दुसऱ्या चहाला तोच प्रश्न विचारला होता—आत्यांचं काय करायचं? जणू आत्या म्हणजे अडगळीतलं कपाट. आईबाप गेल्यावर जिने तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, ती आत्या! तेव्हापासून तो प्रश्न यायच्या आतच ती दार लावून घेई.

“आत्याला सोडून मला कुठेही जाता येणार नाही. दरवेळी तिथेच अडतं. तेव्हा… नकोच.”

त्याने शेंदरी चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तिच्यापुढे धरला. “आत्यांना परत द्या. आणि माझा नमस्कार सांगा.”

आत्या डेकवर गुडघ्यांवर घोंगडी घेऊन समुद्र बघत बसली होती. हातात मिटलेला चष्मा आणि पुतणीचा चेहरा बघून तिला सगळं कळलं.

“काय म्हणाला?”

“येऊ का म्हणाला. रविवारी.”

“आणि तू?”

“नको म्हटलं. तुला एकटीला टाकून मी…”

“थांब, थांब. तो ‘येऊ का’ म्हणाला की ‘चल’ म्हणाला?”

“येऊ का.”

“अगं बयो! तो बिचारा दारापर्यंत यायला बघतोय आणि तू त्याला थेट सासरच्या माजघरात नेऊन उभं केलंस? तेही माझं नाव सांगून?” आत्याचा आवाज चढला. “माझे गुडघे दुखतात, कबूल. पण दहा वर्षं तू प्रत्येक ‘नको’चं ओझं आणून त्यांच्यावरच ठेवतेस. घाबरतेस तू, आणि निमित्त माझं! मला कधी विचारलंस?”

तिचे डोळे भरून आले. खरं होतं ते. त्या दोघांनी आत्याचं विचारलं होतं, याने नव्हतं विचारलं. याने फक्त स्टुलांबद्दल विचारलं होतं.

“आता काय उपयोग, आत्या? बोलून बसले मी.”

तेवढ्यात घंटा झाली. दोन! कठड्याजवळच्या मोठ्या घड्याळापाशी एक खलाशी शिडी लावून चढला आणि त्याने बोटाने काटा सावकाश एक फेरा मागे फिरवला. आत्याने घड्याळ लावायला मनगट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि वैतागली.

“किती वाजले गं आता?”

“एक.” आणि तिने घड्याळाकडे पुन्हा पाहिलं. “आत्या… एक वाजलाय!”

“मग इथे काय करतेस? पळ! आणि चष्मा ने, त्याला लागेल. माझ्याकडे दोन आहेत.”

ती धावली. रिकाम्या मार्गिकेतून, गालिच्यावरून, दोन जिने उतरून धावली. वाचनालयात तो हत्यारांची गुंडाळी बांधत होता.

“किती वाजले?” तिने धापा टाकत विचारलं.

“दोन… नाही, एक.”

“एक ना? मी दीड वाजता इथे येते. तेव्हा तुम्ही मला काहीतरी विचारणार आहात. अजून विचारलेलं नाही.”

तो बघतच राहिला. मग हळूहळू ती एकुलती एक खळी उमटली. “पण तुम्ही ‘नको’ म्हणणार आहात.”

“ते… बघू.”

ती हिरव्या खुर्चीत बसली, तो तिच्यासमोर जमिनीवर. अर्धा तास दोघं घड्याळाकडे बघत बसले. खिडकीबाहेर समुद्र नुसता चमकत होता. ती लाल फीत बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. इतकं सुखाचं थांबणं तिने कधी अनुभवलं नव्हतं.

मोठा काटा सहावर आला.

“येऊ का?” त्याने विचारलं. या वेळी खुर्च्या नाहीत, स्टुलं नाहीत.

“ये,” ती म्हणाली. “आत्यासुद्धा वाट बघेल. आणि मी… मी तर खूपच.”

तो एकदम काहीतरी आठवून उठला. तिलाही उठवलं आणि खुर्ची उलटी केली. खाली ताज्या पेन्सिलीने तारीख होती. पुढे लिहिलं होतं, ‘दुपारी दीड. नको म्हणाली.’

“खोडतोस?” तिने विचारलं.

“छे, पद्धत नाही तशी.”

तिने शेंदरी चष्मा त्याच्या कानांमागे बसवला. या वेळी बोटं नीट चालली. त्याने पेन्सिल घेतली आणि खालच्या ओळीत पुन्हा तीच तारीख घातली, पुन्हा तीच वेळ. मग लिहिलं, ‘दुपारी दीड. ये म्हणाली.’

“वीस वर्षांनी कुणीतरी वाचेल,” ती म्हणाली, “आणि म्हणेल, याचं घड्याळ बिघडलं होतं की डोकं?”

“म्हणू दे,” तो म्हणाला, आणि त्याने खुर्ची सरळ करून तिच्यापुढे ठेवली. “बस.”