मोरीतला वास

कुलूप निघालं, दार उघडलं आणि वासाचा भपकारा तोंडावर आला. साहेबराव दोन पावलं आत गेले आणि भिंतीला धरून खोकत खाली बसले.

“चला, बाहेर चला,” म्हणत सरजाबाईंनी दम्याचा पंप नवऱ्याच्या तोंडाशी धरला.

“मी आधीच बोललो होतो मॅडम,” एजंट शेषेराव नाकावरच्या रुमालातून म्हणाला. “जागा एक नंबर, पण पलीकडं सांडपाण्याचा प्लान्ट हाय. म्हणून तर स्वस्तात मिळून राहिली.”

घराची किल्ली सांभाळणारा शेजारी विरूपाक्ष हळहळला. “आमाला सवय झाली, ताई. दम्याच्या माणसाला न्हाई जमायचं. आन बोअरबी कोरडा ठाक हाय.”

जुन्या सवयीनं सरजाबाईंनी तरीही एक चक्कर मारली. वास सगळ्यात जास्त मागच्या मोरीत होता. मोरी ओली होती आणि जाळीवर केसांसारखं काहीतरी अडकलेलं होतं. मालक हैदराबादला, घर कधीचं बंद.

सरजाबाई सोनकांबळे भोकरच्या पोलीस ठाण्यातून जमादार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लेक लातूरला शिक्षिका, म्हणून घर लातुरात हवं होतं. उन्हाळा असा की अख्खं शहर रेल्वेनं आलेल्या पाण्यावर जगत होतं. घरं बघून बघून त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. कुठं जिना साहेबरावांना चढवत नव्हता. कुठं आडनाव सांगितलं की घर नेमकं कालच दिलेलं निघायचं. हेच एक बैठं, हवेशीर आणि खिशाला झेपणारं होतं.

रिक्षात त्यांच्या मनात एक जुनीच शंका आली. हा वास खास आपल्यासाठी तर नाही? त्यांनी शेषेरावला फोन लावला.

“आमच्या आधी कुणाला दाखवलं होतं?”

“उदगीरचे एक देशमुख मास्तर, आन एक आडत्या. दोघंबी नाक धरून पळाले.”

म्हणजे आडनावाचा प्रश्न नव्हता. त्यांना हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच निघाल्या. घरावरून पुढं प्लान्टकडे चालताना पश्चिमेचा गरम वारा पाठीवर होता. पदर उडून पुढं, प्लान्टच्या बाजूलाच जात होता. फाटकापर्यंत गेल्या तरी नाकाला काही लागलं नाही.

“बंद हाय का?” त्यांनी वॉचमनला विचारलं.

“बंदच की, बाई. नळाला पाणी न्हाई, तर गटारात कुठून यील? टाक्यांच्या तळाला भेगा पडल्यात, बघा.”

परत येताना त्या घरापाशी थांबल्या. कुणाला कळवलं नव्हतं, किल्ली मागितली नव्हती. फाटक ढकलून मागच्या मोरीच्या झरोक्याला नाक लावलं. शिळी, कोंदट हवा होती, पण कालचा वास नव्हता. सामाईक भिंतीपलीकडे विरूपाक्षच्या तीन म्हशी बांधलेल्या होत्या. त्यांची अंगं ओली, काळीभोर चमकत होती. भिंतीच्या बुडाशी अळूची पानं हिरवीगार होती.

सरजाबाई फाटक लावून निघून आल्या.

लेकीच्या घरी साहेबराव जागेच होते. “मी त्या वासाचाच विचार करून राहिलो,” ते म्हणाले. “तो संडासाचा न्हाई. लहानपणी आमच्या उमरीला ओढ्यात अंबाडी कुजत घालायचे, दोरखंडासाठी. त्या दिवसांत मला जेवण जायचं न्हाई. तोच वास.”

“पक्कं?”

“डोळे झाकून सांगतो.”

सरजाबाईंनी शेषेरावला निरोप दिला: घर पुन्हा बघायचंय, किल्ली तयार ठेवायला सांगा. ठरल्या वेळी साहेबरावांना त्यांनी रिक्षातच बसवलं. विरूपाक्षनं कुलूप काढलं. भपकारा आला.

“विरूपाक्षअण्णा, हा वास कशाचा?”

“प्लान्टचा की.”

“रोज येतो?”

“रोज. दिवसरात.”

“प्लान्ट तर बंद हाय. वारा इकडून तिकडं चाललाय. आन परवा मी न सांगता आले, तवा मोरीत वास नव्हता.”

शेषेराव गडबडीनं म्हणाला, “मॅडम, माझा काय संबंध न्हाई—”

“तुमचा नसणारच. घर विकलं तरच तुमाला चार पैसे. वासानं तुमचं नुकसान हाय. पण गिऱ्हाईक येणार म्हणून तुमी किल्ली मागता ती यांच्याकडं. गिऱ्हाईक कधी येणार हे यांनाच आधी कळतं.” सरजाबाई मागं मोरीत जाऊन वाकल्या आणि जाळीवरचा धागा उचलला. “हे केस न्हाईत. अंबाडीचं सूत हाय. पिंपात अंबाडी कुजवायची, माणूस यायच्या आधी ते पाणी मोरीत वतायचं. आता मला सांगा अण्णा, ज्या गावाला प्यायला पाणी न्हाई, तिथं अंबाडी कुजवायला पाणी कुठलं? म्हशी धुवायला कुठलं?”

सरजाबाई परसात गेल्या, बोअरजवळची माती चपलेनं उकरली. काळा पाइप निघाला. तो थेट सामाईक भिंतीखालून पलीकडे गेला होता.

“बोअर कोरडा न्हाई,” त्या म्हणाल्या. “घर विकलं की पाणी बंद, म्हणून घर विकू द्यायचं नव्हतं.”

विरूपाक्ष पायरीवर बसला. त्याचा आवाज खाली गेला. “समद्यांनी जनावरांना बाजार दाखवला, ताई. माझ्यानं झालं न्हाई. ह्या तिघी घरात जन्मल्यात.”

“पोलिसात द्यायचं का?” शेषेरावनं विचारलं.

“माझी नोकरी संपली,” सरजाबाई म्हणाल्या. त्यांना फार थकल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्यांना पकडलं त्यातले निम्मे असेच होते. “अण्णा, पाइप काढा. म्हशींसाठी पाणी फाटकातून न्यायचं, मला सांगून. आमाला पुरंल तवर द्यायला माझी ना न्हाई. पण आम्ही सोनकांबळे. पाणी आमच्या हातचं आसंल. चालंल?”

विरूपाक्ष भिंतीकडे बघत राहिला. “म्हशींना काय कळतंय...”

“म्हशींचं न्हाई विचारलं. तुमीबी हेच पिता ना?”

“हाव.” मग मान खाली घालून, “चालंल, ताई.”

तोवर साहेबराव रिक्षातून उतरून फाटकापाशी आले होते. रुमाल तोंडावर धरून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“पाऊस पडला, नळ सुटले, की प्लान्ट चालू व्हईल,” सरजाबाई त्यांना म्हणाल्या. “तवा खरा वास यील. पावसाळ्यात वारा तिकडं वाहतो. थंडीत आपल्याकडं फिरतो. तुमाला सोसंल का?”

साहेबरावांनी रुमाल खाली घेतला.

“यीऊ दे,” ते म्हणाले. “नळाला पाणी आल्याबिगर तर तो यायचा न्हाई.”

सरजाबाई शेषेरावकडे वळल्या. “लावा मालकाला फोन. आन बोअरला पाणी हाय, हे आधी सांगा. कोरड्या बोअरच्या भावानं, चोरून घर घ्यायचं न्हाई.”